कौतिक ढाक्यांचं निळं दार

धुळ्याला देवपुरात पांझरा गृहवित्त कंपनीची शाखा आहे. तिथल्या नीलेश चिंचोलेच्या टेबलाशी कुणी आलं, की तो आधी चहा सांगायचा आणि चहा येईपर्यंत एक वाक्य हमखास ऐकवायचा, "माझ्या हातून गेलेली माहिती दिल्लीहून परत आलेली एकदा तरी दाखवा, मिशी उतरवून ठेवतो." त्याला मिशी नव्हती, हे पाहुण्याच्या ध्यानात येईपर्यंत चहा आलेला असायचा.

काम म्हटलं तर साधं. कंपनी लोकांना घरासाठी कर्ज देते. ते कुणाला दिलं, कसल्या घरासाठी दिलं, घर खरंच उभं आहे का, त्यात माणसं राहतात का, हे सगळं दर तिमाहीला दिल्लीच्या नियामक कार्यालयाला कळवावं लागतं. नाही कळवलं तर कंपनीच्या परवान्यावर गदा. धुळे आणि जळगाव, दोन्ही जिल्ह्यांची माहिती नीलेशच भरायचा. आणि तो तक्ता काय विचारायचा! खोल्या किती, छप्पर कशाचं, दार कोणत्या रंगाचं, स्वयंपाकघराची खिडकी कोणत्या दिशेला, अंगणात झाड आहे का. मुलगी बघायला आलेली आत्यासुद्धा इतक्या चौकशा करत नाही. एखादा रकाना मोकळा राहिला, की पडद्यावर लाल अक्षरं उमटायची: ही जागा रिकामी ठेवता येणार नाही.

नीलेशची स्वतःची जागा मात्र रिकामीच होती. देवपुरात एका खोलीत तो भाड्यानं एकटा राहायचा. बायको मोनाली तिकडे भुसावळजवळ दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीतल्या शाळेत शिकवायची आणि तिथंच एका बाईंच्या घरी खोली घेऊन राहायची. रविवारी भेट, सोमवारी पहाटे एस.टी. लग्नाला चार वर्षं होऊन दोघांचा संसार निम्मा फोनवर, निम्मा बसस्टँडवर. त्या फोनवर त्यांनी एक घर मात्र पुरतं बांधून काढलं होतं. दोन खोल्या, निळं दार, पूर्वेला खिडकी असलेलं स्वयंपाकघर आणि अंगणात कडुनिंब. मोनाली म्हणायची, "खिडकी पूर्वेलाच हवी हं. सकाळचं ऊन कणकेवर पडलं पाहिजे." एकदा पत्र्याच्या छपरावरून त्यांचं भांडण होऊन दोन दिवस अबोला चालला होता. घर नसलेल्या माणसांना छपरावरून भांडायची चैन परवडते.

जळगावला बदली मिळावी म्हणून नीलेशनं अर्जावर अर्ज केले होते. शेवटी साहेब म्हणाले होते, "यंदाची दिल्लीची तपासणी निर्मळ पार पडू दे, त्याच दिवशी सही करतो."

आणि तपासणीचं नाव निघालं, की नीलेशच्या पोटात कौतिकभाऊ कूस बदलायचे.

कौतिकभाऊंची कथा अशी. दोन वर्षांपूर्वी तक्ता भरायची नवी यंत्रणा आली, तेव्हा ती चालते का बघायला नीलेशनं एक खोटा कर्जदार भरून पाहिला. नाव सुचेना, म्हणून एकाचं नाव, दुसऱ्याच्या बापाचं नाव आणि समोरच्या दुकानाच्या पाटीवरचं आडनाव जोडून केला कौतिक लोटन ढाके. बायको इंदिराबाई. पत्ता म्हणून नकाशावर डोळे मिटून बोट ठेवलं. ते पडलं वरणगावच्या पुढे, मुक्ताईनगरच्या अलीकडे, हिरव्यागार केळीत. मग घर कसं आहे ते विचारलं गेलं. नीलेशला दुसरं घर माहीतच नव्हतं. त्यानं दोन खोल्या, निळं दार, पूर्वेची खिडकी आणि कडुनिंब भरून टाकला. छप्परही पत्र्याचं भरलं, म्हणजे मोनालीचा हट्ट पुरवला.

संध्याकाळपर्यंत ही नोंद खोडायची होती. तेवढ्यात मोनालीचा फोन आला, तो लांबला, आणि बाकीच्या खऱ्या घरांच्या गर्दीत कौतिकभाऊही दिल्लीला पोचले. पुढच्या तिमाहीला नीलेशच्या लक्षात आलं. खोडायला गेला तर यंत्रणेनं कारण विचारलं. घर पडलं? जळलं? पुरात गेलं? कुठलंही कारण दिलं तरी त्याचा पुरावा जोडा. आणि कारणाची जागा रिकामी ठेवता येणार नाही. न बांधलेलं घर पाडायचं कसं, हे नीलेशला सुचलं नाही, म्हणून त्यानं ते राहू दिलं. तेव्हापासून दर तिमाहीला कौतिकभाऊ दिल्लीला जाऊन यायचे. घर चांगलं, माणसं राहती, हप्ते नियमित. असला सज्जन कर्जदार दोन्ही जिल्ह्यांत नव्हता.

यंदा दिल्लीहून निरोप आला. मेघा तारे नावाच्या तपासणी अधिकारी येणार, जळगाव जिल्ह्यातली दहा घरं स्वतः बघणार आणि पाठवलेल्या माहितीशी एकेक गोष्ट ताडून पाहणार. दहावं घर होतं कौतिक लोटन ढाके यांचं.

नीलेशच्या हातातला चहा तसाच निवला. बदली गेली, नोकरीही गेली, आणि मोनालीला काय सांगायचं? आपलं फोनवरचं घर मी सरकारला कळवून बसलो, असं?

त्यातल्या त्यात एक धागा होता. प्रत्येक घर दर तिमाहीला जाऊन डोळ्यांनी बघायचं आणि "प्रत्यक्ष पाहिले, ठीक" अशी सही करायची, हे काम जळगावच्या तनवीर मन्यारचं. तो स्थळपाहणी अधिकारी. म्हणजे दोन वर्षं त्याच्याही सह्या कौतिकभाऊंच्या घरावर पडत होत्या. त्याला कसं जमलं हे? नीलेशनं जपून फोन लावला.

"तनवीरभाई, ते वरणगावच्या पुढचं ढाक्यांचं घर तुम्ही पाहिलंय ना?"

पलीकडे कळफलकाची टकटक झाली.

"पाहिलंय ना," तनवीर म्हणाला. "का हो?"

"नाही, सहजच. म्हणजे आत जाऊन पाहिलंय?"

"आत जाऊन म्हणजे काय, दर खेपेला चहा होतो. दोन खोल्या आहेत. पत्र्याचं छप्पर."

नीलेशनं समोरच्या तक्त्यावर बोट ठेवलं.

"दार?"

"निळं."

"आणि... झाड?"

"कडुनिंब. चांगला डेरेदार. नीलेशभाई, तुम्ही असं का विचारताय?"

"चहा कोण देतं?"

"इंदिराबाई," तनवीर म्हणाला. त्याचाही आवाज आता पातळ झाला होता. "फार मायाळू बाई आहे."

नीलेशनं फोन ठेवला, तेव्हा कानाला लागलेला फोन गार आणि कान गरम झाला होता. तनवीर मन्यारला जळगाव शाखेत सगळे ओळखून होते. पेट्रोलची पावती चुकून जास्तीची लागली तर रुपये परत करायला येणारा माणूस. तो खोटं बोलेल, असं मनात आणणंही पाप. आणि तो खरं बोलत असेल, तर नीलेशच्या डोक्यातल्या घरात बसून एक मायाळू बाई दोन वर्षं चहा करत होती.

त्या आठवड्यात त्याला जेवण गेलं नाही. देवपुरातल्या खोलीत भिंतीकडे बघितलं, की भिंतीत निळं दार दिसायचं. तक्ता उघडून तो ती नोंद पुन्हापुन्हा वाचायचा. एकेक शब्द त्याचाच. तरी वाचता वाचता वाटायचं, हे आपण लिहिलं की आपल्याला कुणी सांगितलं?

तपासणीच्या आदल्या दिवशी त्याला राहवेना. दुपारची बस धरून तो भुसावळला उतरला, दीपनगरला जाऊन मोनालीची स्कूटी मागून घेतली आणि "ऑफिसचं काम" एवढंच सांगून मुक्ताईनगरच्या रस्त्याला लागला. दिवस कलायला आला होता. मागे वीजकेंद्राच्या चिमण्या धूर सोडत उभ्या होत्या. वरणगाव गेलं, मग मोबाइलमधल्या नकाशानं त्याला डांबरी रस्त्यावरून उतरवून केळीच्या बागांमधल्या मातीच्या वाटेवर घातलं. दोन्ही बाजूंनी केळी डोक्याच्या वर. वारा नव्हता, तरी पानं आपसांत काहीतरी सळसळत होती, घरात पाहुणा शिरला की बायका हळू आवाजात बोलतात तशी. केळीत एक बरं असतं, समोरचं काही दिसत नाही. आणि वाईट असतं ते हेच.

नकाशातल्या बाईनं सांगितलं, "तुम्ही पोचला आहात." नीलेशनं स्कूटी बंद केली.

केळीच्या कडेला घर होतं.

दोन खोल्यांचं. पत्र्याचं. निळं दार. आणि दारावर पाटी: कौतिक लोटन ढाके.

नीलेशला आधी पळावंसं वाटलं नाही. आधी त्याला, का कोण जाणे, रडू आलं. चार वर्षं जे घर त्यानं फक्त कानांनी पाहिलं होतं, ते समोर उभं होतं. मोनालीनं सांगितली होती तश्शी पूर्वेची खिडकी. तिनं म्हटलं होतं तसा दाराचा निळा, फार गडद नाही आणि शाळेच्या गणवेशासारखाही नाही. ही निळ्याची गोष्ट तर त्यानं तक्त्यात भरलीसुद्धा नव्हती. मग त्याच्या पायांना भीती कळली.

आधार म्हणून त्यानं अंगणातल्या कडुनिंबाला हात घातला. कडुनिंब मागे सरकला.

झाडानं मागे सरकणं हे नीलेशच्या अनुभवात नव्हतं. तो तोल जाऊन दारावर आदळला, उजवा पंजा सपाट दारावर बसला. दार ओलं होतं. गार, चिकट, जिवंत माणसाच्या घामेजल्या पाठीसारखं. त्यानं हात ओढून घेतला. दारानं तो थोडा धरून ठेवला आणि मग सोडला.

आतून कडी निघाली. हातात दिवा घेऊन एक म्हातारी उभी होती. पांढऱ्या केसांची, कपाळ मोकळं, डोळे एकदम शांत.

"धुयाहून आले ना?" ती म्हणाली. "नीलेशभाऊ ना तुमी? तुमचीच वाट पाहू राह्यले होते."

नीलेश उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"या, बसा. उभे कायले? मी इंदिराबाई."

"कौ... कौतिकभाऊ आहेत?"

म्हातारीनं केळीच्या बागेकडे पाहिलं. तिकडे आता काळोख साचू लागला होता.

"ते वारले," ती म्हणाली. "लयी वर्सं झाले त्याले."

"पण... हप्ते?"

"हप्ते तं भरतात," म्हातारी ठाम आवाजात म्हणाली. "येळच्या येळी भरतात. चहा ठेवू का?"

नीलेश स्कूटीवर कसा बसला, वाटेवर कसा लागला, हे त्याला आजही आठवत नाही. मागून "अहो, भाऊ, चहा तं घ्या," अशी हाक येत होती. ती हाक वरणगावपर्यंत आपल्यामागे आली, असं तो सांगतो.

दीपनगरला पोचल्यावर दिव्याच्या उजेडात मोनालीला त्याचा हात दिसला. पंजा मनगटापर्यंत निळा.

"हे काय?"

"दार," नीलेश म्हणाला.

"कुणाचं दार?"

"आपलं."

मोनालीनं त्याच्या कपाळाला हात लावला. कपाळ तापलेलं होतं. रॉकेल लावून तिनं तो पंजा घासघासून धुतला. निळा थोडा उतरला, पण रेषारेषांत बसलेला काही निघेना. झोपेत तो "ही जागा रिकामी ठेवता येणार नाही" असं पुटपुटत होता. सकाळी तिनं शाळेत रजा कळवली आणि सांगून टाकलं, "आज मी तुमच्याबरोबर येणार. या अवस्थेत एकटं सोडायची नाही." नीलेशनं विरोध केला नाही. भुताच्या घरी जाताना बरोबर बायको असली तर भुतालाही थोडा धाक राहतो.

कंपनीच्या जीपमध्ये पुढे मेघा तारे मॅडम, मागे तनवीर, नीलेश आणि मोनाली. मॅडम कमी बोलणाऱ्या, तक्ता मांडीवर, पेन हातात. तनवीर पांढराफटक. नीलेश त्याच्याकडे बघत नव्हता आणि तो नीलेशकडे बघत नव्हता. एकमेकांच्या घरात मयत झालेलं माहीत असून विषय कुणी काढायचा, अशी दोघांची गत होती.

पहिल्या नऊ घरांनी नीलेशची लाज घालवली. एका घरावर परस्पर मजला चढला होता. एका ठिकाणी पुढच्या खोलीत पिठाची गिरणी बसली होती. एकानं वास्तुदोष निघाला म्हणून दार फिरवून मागच्या गल्लीत नेलं होतं, त्यामुळे त्याचं घर सापडायलाच वेळ लागला. ज्या घरात माणसं राहतात ते घर काही तक्त्यासारखं गप्प बसत नाही. मॅडम प्रत्येक ठिकाणी "जुळत नाही" लिहीत होत्या, आणि प्रत्येक "नाही" बरोबर नीलेशची बदली एकेक स्टेशन मागे जात होती.

मग जीप केळीच्या वाटेला वळली. तनवीर ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणू लागला. नीलेशनं मोनालीचा हात घट्ट धरला, निळ्या हातानं.

दिवसाउजेडीही घर तिथंच होतं. मोनाली जीपमधून उतरली आणि उतरल्या जागी थांबली. तिनं दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं. मग तिनं नीलेशकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते नीलेशला वाचता आलं नाही, आणि वाचायची हिंमतही नव्हती.

"दाराला हा पंजा कुणाचा?" मॅडमनी विचारलं.

निळ्या दारावर मधोमध माणसाच्या हाताचा ठसा उमटला होता, पाची बोटं स्पष्ट. तो पाहून तनवीरच्या तोंडून "या अल्लाह" असं इतकं मनापासून निघालं, की मॅडमनी मागे वळून पाहिलं. नीलेशनं उजवा हात पँटच्या खिशात घातला.

म्हातारी दारात आली. "आमच्यात हात उठवता दाराले," ती म्हणाली. "शकुनाचं असतं ते."

"हळदीकुंकवाचे उठवतात," मॅडम म्हणाल्या.

"आमच्यात निळे."

मॅडमनी पुढं काही विचारलं नाही. खोल्या मोजल्या. खिडकीतून बाहेर बघून सूर्य कुठून उगवतो याचा अंदाज घेतला. अंगणात येऊन कडुनिंबासमोर त्या जरा जास्त वेळ उभ्या राहिल्या. कडुनिंबाची सगळी पानं खाली लोंबत होती.

"पानी कमी पडलं त्याले," म्हातारी म्हणाली.

"कर्जदार कुठे आहेत?"

"बागीत गेले. केयी कापायले."

"काल तर वारले होते!" नीलेश ओरडला.

सगळे त्याच्याकडे बघू लागले. मोनाली शांतपणे पुढे झाली. "त्यांना ताप आहे, मॅडम. रात्रभर बडबडत होते."

मॅडमनी मान हलवली आणि जीपपाशी जाऊन लिहायला लागल्या. आता कुठे तनवीरनं नीलेशची बाही धरली आणि त्याला घरामागे ओढत नेलं.

"नीलेशभाई, तुम्हाला खुदाची शपथ. खरं सांगा. इथलं जुनं घर कुणी पाडलं?"

"कुठलं जुनं घर?"

"कौतिक ढाक्यांचं. मी दोन वर्षं इथं आलोच नाही. वाट वाईट, कंबर दुखते. सगळी घरं ठीकच असतात, म्हणून जळगावात बसून सही करत होतो. तपासणी लागली तेव्हा आलो, तर नुसती केळी. मला वाटलं घर पडलं, माणसं गेली, आणि मी पडलेल्या घरावर 'प्रत्यक्ष पाहिले' लिहितोय. तेवढ्यात तुमचा फोन. तुम्ही एकेक विचारायला लागलात, मला वाटलं तुम्हाला कळलंय. मी समोर तक्ता उघडून वाचत सुटलो."

"चहा तक्त्यात नव्हता," नीलेश म्हणाला.

"चहा मी घातला. घाबरल्यावर माणूस जास्त बोलतो. मग काय करणार? आमचा मेहुणा हसीब गवंडी आहे. तक्ता त्याच्यापुढं ठेवला, म्हटलं, असंच्या असं उभं कर. बिचाऱ्यानं आठवड्यात भिंती चढवल्या. दाराला रंग परवा लागला, अजून वाळतोय. कडुनिंबाची फांदी तोडून आणून रोवली."

नीलेशनं आपला निळा पंजा वर करून बघितला. तनवीरनंही तो बघितला, आणि त्याच्या चेहऱ्यावर रक्त परत येऊ लागलं.

"म्हणजे हात तुमचा? मी तर सकाळी हसीबनं पाठवलेल्या फोटोत पाहिलं तेव्हापासून भुताच्या भीतीनं आयतुल कुर्सी म्हणतोय."

"आणि इंदिराबाई?"

"द्वारकाबाई," मागून म्हातारीच म्हणाली. ती लोटाभर पाणी घेऊन आली होती. "वावर माहं आहे. हा तनवीर बापडा रडत आला, म्हनला, अक्का, एक दिवस इंदिराबाई व्हा, मंग खोल्या तुमच्याच. मी म्हनलं, होते बापा. पन भाऊ, काल तुमी नवऱ्याचं इचारलं, तं मले काई खोटं बोलवलं नाई. माहा माणूस खरंच वारला. धुयाहून नीलेशभाऊ येनार, हप्त्याचं, आन् आजचं केयी कापायचं, तेवढं यानं पाठ करून घेतलं होतं."

नीलेश कडुनिंबाच्या फांदीशेजारी खाली बसला. मग त्यानं तनवीरला सांगितलं, की इथं जुनं घर कधीच नव्हतं. कौतिक ढाके नव्हते. इंदिराबाई नव्हत्या. हे सांगायला त्याला थोडा वेळ लागला. ऐकून तनवीरला समजायला त्याहून जास्त लागला.

"म्हणजे," तनवीर हळूच म्हणाला, "आठवडाभर मी विटा वाहिल्या त्या..."

"माझ्या डोक्यात होतं ते घर."

"माझ्यासुद्धा," मोनाली म्हणाली. ती केव्हापासून कोपऱ्याशी उभी होती कोण जाणे. "निम्मं माझं आहे. खिडकी, छप्पर आणि निळं. तुम्ही हे दिल्लीला कळवलंत? आपलं घर?" ती रागावली आहे असं नीलेशला वाटलं. तिनं त्याचा निळा हात हातात घेतला आणि बघत राहिली. "हसीबमिस्त्रींना हा रंग कुणी सांगितला?"

"दुकानात तेवढाच डबा शिल्लक होता," तनवीर म्हणाला.

मॅडमची हाक आली. तिघं आरोपींसारखे ओळीनं जीपपुढे जाऊन उभे राहिले. मेघा मॅडम बोटाला लागलेला निळा रंग रुमालानं पुसत होत्या, अगदी सावकाश.

"नऊ घरं जुळली नाहीत," त्या म्हणाल्या. "दहाच्या दहा जुळली नसती तर तुमच्या कंपनीला नोटीस गेली असती, आणि दिल्लीत मलाही विचारलं असतं, की दोन वर्षं तुम्ही ही माहिती मान्य कशी केलीत. पण हे घर शब्दन् शब्द जुळतं. इतकं जुळणारं घर मी माझ्या नोकरीत पाहिलेलं नाही." त्यांनी कडुनिंबाकडे एकदा पाहिलं. "हे मी नमुना घर म्हणून कळवते आहे. यापुढे दर तिमाहीला या घराचा आणि आत राहणाऱ्या माणसांचा ताजा फोटो दिल्लीला आला पाहिजे. घरात माणसं हवीत. आणि झाडाला पाणी घाला."

जीप मॅडमना घेऊन भुसावळ स्टेशनाकडे गेली. मागे धुरळा, केळी आणि चौघं उरले.

"मी नाई राहनार इथं," द्वारकाबाई म्हणाल्या. "गावात माहं घर आहे, नातवंडं आहेत. त्या कौतिकची बायको म्हनून मी काई म्हातारपन काढनार नाई. तुमचं घर तुमी राहा."

आता नीलेश तिथंच राहतो. साहेबांनी शब्द पाळला, पण बदली जळगावला न देता भुसावळच्या नव्या उपशाखेत दिली, कारण नमुना घराजवळ जबाबदार माणूस हवा असं दिल्लीनंच सुचवलं होतं. तिथून मोनालीची शाळा स्कूटीच्या टप्प्यात. भाडं दरमहा हसीब मिस्त्रीला जातं, त्याच्या विटा फिटेपर्यंत. द्वारकाबाई घडातली चार केळी घेऊन चहाला येतात आणि खरोखर मायाळू आहेत. सकाळचं ऊन कणकेवर पडतं. फांदीच्या जागी लावलेल्या खऱ्या कडुनिंबाला कोवळी तांबूस पानं फुटली आहेत. दारावरचा पंजा मात्र पुसता येत नाही, कारण दिल्लीला गेलेल्या फोटोत तो आहे.

पाटीही काढता येत नाही, त्याच कारणानं. त्यामुळे दूधवाला, कुरियरवाला, ग्रामपंचायतीचा शिपाई सगळे दारात येऊन पाटी वाचतात आणि हाक मारतात. सुरुवातीला नीलेश प्रत्येकाला सगळं समजावून सांगायचा. मग नुसतं "मी भाडेकरू" म्हणायचा. परवा बाजारात मागून कुणीतरी "ओ कौतिकभाऊ" म्हणालं, आणि तो वळला. वळल्यावर मागे कुणीच नव्हतं.

घरी येऊन त्यानं हे मोनालीला सांगितलं. तिनं कणीक मळता मळता मान वर केली आणि विचारलं, "मग तुम्ही ओ दिलीत का?"

दिली होती, हे त्यानं तिला अजून सांगितलेलं नाही.